बेसावध आवाज

मॅडमनी उठून कूलर बंद केला, मग पंखा बंद केला आणि दाराला आतून कडी लावली.

नागपुरात मे महिन्याच्या भर दुपारी आपण होऊन कूलर कोणी बंद करत नाही. मी विचारलं, काय झालं. त्या म्हणाल्या, घरघर नको, यंत्राला ऐकू आलं पाहिजे. मग माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "ज्योत्स्ना, माझी चाचणी घे."

मला आधी वाटलं, समिती यायच्या आधीची रंगीत तालीम असेल. पण त्यांच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं. इंजेक्शन घ्यायला दंड पुढे करून बसलेल्या माणसासारख्या त्या बसल्या होत्या.

मॅडम म्हणजे डॉ. कौसल्या गजभिये. नागपूरच्याच इंदोरा वस्तीतल्या एका गिरणी कामगाराची धाकटी लेक. गणिताच्या जोरावर परदेशात गेल्या, तिथे नाव कमावलं, आणि सगळे नको म्हणत असताना परत आल्या. कृत्रिम बुद्धिमत्ता हे शब्द वर्तमानपत्रात यायला लागले त्याच्या कितीतरी आधी त्यांनी आमच्या संस्थेत जिन्याखालच्या एका खोलीत हा विभाग सुरू केला. यंत्राला मराठी शिकवून कोणाचं भलं होणार, असं तेव्हाचे मोठमोठे प्राध्यापक चहा पिताना विचारायचे. मॅडम उत्तर द्यायच्या नाहीत. काम करत राहायच्या. मी त्यांची पहिली विद्यार्थिनी. ही गोष्ट घडली तेव्हा जिन्याखालच्या खोलीची तीन मजली इमारत झाली होती, देशभरातली पोरं मॅडमच्या हाताखाली शिकायला धडपडत होती, आणि त्यांच्यानंतर विभागात मी दुसरी होते.

त्या सुमारास आम्ही जे यंत्र तयार केलं होतं त्याचं नाव 'कानोसा'. माणसाचं थोडा वेळ बोलणं ऐकून त्याला विस्मरणाचा आजार सुरू होतोय का, हे ते सांगायचं. आजार डोळ्यांना दिसायला लागतो त्याच्या बराच आधी तो बोलण्यात शिरतो. माणूस नको तिथे थांबतो. वस्तूंची नावं निसटतात आणि त्यांच्या जागी 'ते', 'हे', 'आपलं ते' येऊन बसतं. मराठी माणूस नाहीतरी 'ते हे' फार करतो. त्यातलं साधं कोणतं आणि आजाराचं कोणतं, एवढं यंत्राला शिकवण्यात आमची बरीच वर्षं गेली होती. आता आरोग्य खात्याची समिती मुंबईहून पंधरा दिवसांनी येणार होती. तिनं मान डोलावली की कानोसा राज्यातल्या सगळ्या जिल्हा रुग्णालयांत बसणार होता. आणि राज्य सरकार या विषयाची जी नवी मोठी संस्था काढत होतं, तिच्या संचालकपदासाठी मॅडमचं नाव ठरल्यातच जमा होतं.

मी यंत्र लावलं. नेहमीचा पहिला प्रश्न विचारला : तुमच्या लहानपणीच्या घराबद्दल सांगा.

मॅडम बोलायला लागल्या. किती सुंदर बोलल्या त्या. गिरणीच्या भोंग्यावर चालणारं घर, सकाळपाळीला जाणारे वडील, त्यांच्या डब्यातली ज्वारीची भाकर, विहारात लागलेल्या दिव्याखाली पाटीवर केलेली गणितं. कुठे अडखळणं नाही, एक शब्द इकडचा तिकडे नाही. त्यांची भाषणं ऐकायला लोक उभे राहायचे ते उगीच नाही. त्या थांबल्या, यंत्रानं आपला हिशेब केला आणि पडद्यावर हिरवी पट्टी उमटली. लक्षणं नाहीत.

मी सुस्कारा सोडला. आपण किती घाबरलो होतो ते मला तेव्हाच कळलं. कूलर लावायला मी उठले, तर त्या म्हणाल्या, "बस. मी त्याला फसवलं."

मग त्यांनी सांगितलं. गेल्या दिवाळीपासून काहीतरी सुरू झालं होतं. एकदा दूध उतू जाऊन, आटून, पातेलं जळून काळं पडलं आणि त्या शेजारच्या खोलीत वाचत बसल्या होत्या. एकदा त्या आपलं घर ओलांडून पुढे गेल्या आणि शेजाऱ्यांच्या फाटकाला आपली किल्ली लावत उभ्या राहिल्या. वर्गात तर रोजचे शब्द ऐनवेळी सापडत नव्हते. पण वर्गातली तारांबळ कोणाला दिसली नव्हती, कारण शब्द निसटतोय हे त्यांना एक क्षण आधी कळायचं आणि त्या वाक्याला वळसा घालून पुढे जायच्या. त्यांच्या आईला हाच आजार होता. थोरल्या बहिणीलाही. लग्न न केलेल्या मॅडमनीच दोघींचं शेवटपर्यंत केलं होतं. हे यंत्र करायचं त्यांच्या डोक्यात का आलं, ते इतक्या वर्षांनी मला त्या दिवशी समजलं.

"आत्ता मी जे बोलले ते पाठ आहे माझं," त्या म्हणाल्या. "यंत्र काय शोधतं ते मीच त्याला शिकवलंय. ते कुठे उभं राहून पाहतं हे मला ठाऊक आहे. मी तिथून जातच नाही."

डॉक्टरांकडे जाऊ या, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. या गावातला मेंदूचा प्रत्येक डॉक्टर आमच्या प्रकल्पात होता. एकाच्या दवाखान्यात पाऊल ठेवलं की संध्याकाळपर्यंत मुंबईला बातमी जाणार. जाईन, म्हणाल्या, पण आधी मला स्वतःला पक्कं कळू दे. कदाचित नुसता थकवा असेल. कदाचित आई-बहिणीचं पाहून मनानं घेतलेली धास्ती असेल.

"मी सावध नसताना माझं बोलणं टिपून घे. कधी घेतेस ते मला सांगू नको. नंतर मला ऐकव. मी चिडले, नाही म्हटलं, तरी ऐकव. एवढं करशील?"

मी हो म्हटलं. त्यांनी कडी काढली, कूलर लावला आणि बाहेर थांबलेल्या पोराला त्याच्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण घेऊन आत बोलावलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. मॅडमचं बोलणं मी आता ऐकत नव्हते, मोजत होते. त्या चहा मागायच्या आणि मी 'चहा' हा शब्द यायला किती वेळ लागला ते बघायचे. बैठकीत त्यांनी कोणाला नावानं हाक मारली की मला हायसं वाटायचं, आणि "अरे, तू सांग" म्हटलं की मी मनात एक खूण करायचे. माझ्या पर्समध्ये छोटं रेकॉर्डर होतं. ते चालू करायला हात जायचा आणि परत यायचा. घरी नवरा विचारायचा, समितीची एवढी काय धास्ती घेतलीस. मी म्हणायचे, हो, तीच धास्ती. कोणाला सांगण्यासारखं नव्हतंच. आणि सांगायचंच तर पहिला प्रश्न आला असता की, मग कानोसाचं काय? हा प्रश्न मी स्वतःलाही विचारत नव्हते. विभागातल्या सगळ्या पोरांची पुढची वर्षं त्या एका मंजुरीवर उभी होती. माझीही होती.

एवढ्यात रामटेकला जायचं निघालं. तिथल्या एका दवाखान्यात कानोसा तात्पुरता बसवला होता आणि समितीला दाखवायच्या आधी मॅडमना तो एकदा स्वतः पाहायचा होता. गाडी त्या स्वतःच चालवायच्या. कधी ड्रायव्हर ठेवला नाही. सकाळी निघालो, दवाखान्यात काम छान झालं. तिथल्या नर्सनं आग्रहानं जेवायला घातलं आणि ऊन डोक्यावर असतानाच आम्ही परत निघालो. मॅडम खुशीत होत्या. चप्पल काढून अनवाणी पायानं गाडी चालवत होत्या आणि त्यांच्या तोंडी इंदोऱ्याची बोली आली होती. व्यासपीठावर त्या पुस्तकातली मराठी बोलायच्या. "काय करून राहिली" सुरू झालं, 'का'चं "काहून" झालं की समजायचं, मॅडम आता निवांत आहेत.

मी पर्समध्ये हात घातला आणि रेकॉर्डर चालू केलं.

रामटेकहून आलं की मनसरला मोठा रस्ता लागतो. डावीकडे वळलं की नागपूर, उजवीकडे जबलपूर. या रस्त्यानं त्या शेकडो वेळा आल्या-गेल्या असतील. बोलता बोलता त्यांनी गाडी उजवीकडे घेतली.

मला वाटलं, पेट्रोल भरायचं असेल. पंप मागे गेला. दुकानं संपली. दोन्ही बाजूंना पानं झडलेलं सागाचं जंगल सुरू झालं. मी शक्य तितक्या सहज म्हटलं, मॅडम, नागपूर मागे राहिलं.

"मले रस्ता शिकवून राहिली का तू?" त्या हसून म्हणाल्या.

त्या पुढे जात राहिल्या. बहिणीबद्दल काहीतरी सांगत होत्या, पण वाक्यांचे सांधे सुटायला लागले होते. ती तिथं गेली, मग ते घेतलं, मग ते आपलं, ते हे केलं. कोण, काय, कुठे, काही कळेना. मी हूं हूं करत होते आणि गुडघ्यावर घट्ट धरलेल्या पर्सच्या आत ते सगळं टिपलं जात होतं. गाडीचा वेग वाढत गेला. समोरून येणारे ट्रक अंगावर आल्यासारखे बाजूनं जात होते. मी पुन्हा म्हटलं, आपण वळू या. या वेळी त्या हसल्या नाहीत. त्यांनी रस्त्याच्या कडेच्या पाटीकडे पाहिलं, मग पुढे पाहिलं, आणि एकदम ब्रेक लावून गाडी भर रस्त्यात थांबवली.

मागून ट्रकचा भोंगा इतक्या जवळून वाजला की मी डोळे मिटले. ट्रक आमच्या आरशाला घासून पुढे गेला. ड्रायव्हरनं खिडकीतून शिवी दिली. मॅडमना त्यातलं काही ऐकू आलं नसावं. दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून त्या समोरच्या रस्त्याकडे बघत होत्या.

"ज्योत्स्ना, आपल्याले कुठं जायचं आहे?"

"विभागात जायचंय, मॅडम."

"हो. ते. ते आपलं..." त्या थांबल्या. शब्द आत कुठेतरी आहे आणि हाताला लागत नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "ते... जिथं आपण असतो ते."

मागून आणखी एक गाडी येताना दिसली. मी खाली उतरले, ऊन आणि धुरळा तोंडावर घेत पलीकडे धावले, त्यांचं दार उघडलं आणि त्यांना हात धरून उतरवलं. त्या लहान मुलीसारख्या मुकाट उतरल्या. डांबर तापलं होतं आणि पाय अनवाणी होते, तरी त्यांना घाई नव्हती. त्यांना माझ्या जागी बसवून मी गाडी कडेला घेतली. रस्ता रिकामा होईपर्यंत थांबले. मग गाडी नागपूरकडे वळवली.

कन्हानचा पूल आला तेव्हा त्या जाग्या झाल्यासारख्या झाल्या. उन्हानं डोकं फिरतं बाई, म्हणाल्या. मग कामठीपर्यंत समितीपुढे कोणता तक्ता आधी दाखवायचा ते सांगत राहिल्या. एक शब्द चुकला नाही. मी गाडी का चालवतेय, हे त्यांनी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी गाडीची घरघर गाळून ते बोलणं मी कानोसाला ऐकवलं. लाल पट्टी यायला त्याला अर्धं मिनिटही लागलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या खोलीत गेले. त्या समितीसमोरचं भाषण वाचत होत्या. मी म्हटलं, तुम्हाला काहीतरी ऐकवायचंय. त्यांनी मान वर न करता लाव म्हटलं. मी लावलं.

सुरुवातीला त्यांना वाटलं असावं की रामटेकच्या एखाद्या पेशंटचं बोलणं आहे. त्या लक्ष देऊन, मान जराशी तिरकी करून ऐकत होत्या, त्यांच्या नेहमीच्या सवयीनं. मग ट्रकचा भोंगा आला. मग "ज्योत्स्ना, आपल्याले कुठं जायचं आहे" आलं. त्यांची पेन्सिल थांबली.

शेवटपर्यंत त्यांनी ऐकलं. मग इतक्या हळू आवाजात बोलल्या की मला पुढे वाकावं लागलं.

"तू माझ्या पाठीमागे हे टिपलंस?"

"हो, मॅडम."

त्या उभ्या राहिल्या. रागावलेल्या मॅडम मी पुष्कळदा पाहिल्या होत्या, पण हा राग वेगळा होता. त्याच्या मुळाशी भय होतं. त्यांनी मला काय काय सुनावलं. मी तुला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. या खुर्चीवर तुझा डोळा आहे. समितीच्या तोंडावर हे घेऊन कोणाकडे जाणार होतीस? माणसाचा आवाज त्याच्या परवानगीशिवाय घ्यायचा नाही, हा या विभागाचा पहिला नियम कोणी घातला? मी ऐकत उभी होते. प्रत्येक वाक्याला मला वाटत होतं की आता त्यांना आठवेल आणि त्या थांबतील. त्या थांबत नव्हत्या. आपणच हे करायला सांगितलं होतं हे ठाऊक असून उलटून बोलणारं माणूस असं बोलत नाही. हे त्यांना खरोखर पहिल्यांदाच कळत होतं.

पण मी वचन दिलं होतं.

"कोणी सांगितलं तुला हे करायला?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही."

बाहेर कॉरिडॉरमध्ये कोणीतरी हसत गेलं.

"कधी?"

"गेल्या आठवड्यात. याच खोलीत. तुम्ही कूलर बंद केला होता, पंखाही. मी तुमची चाचणी घेतली. हिरवी पट्टी आली तर तुम्ही म्हणालात, मी त्याला फसवलं."

त्यांनी कूलरकडे पाहिलं, दाराच्या कडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खोटं बोलतेय का, हे त्या बघत होत्या. मला मनापासून वाटलं, आपण खोटं बोलत असतो तर किती बरं झालं असतं. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा राग गेला. राग बरा होता. तो गेल्यावर खाली जे उरलं ते बघवत नव्हतं. त्या खुर्चीवर बसल्या. दोन्ही तळवे टेबलावर उपडे ठेवले, टेबल हलू नये तसे.

"अजून काय म्हटलं होतं मी?"

मी सगळं सांगितलं. उतू गेलेलं दूध, शेजाऱ्यांचं फाटक, आई आणि बहीण. नाही म्हटलं तरी ऐकव, हेसुद्धा. दुसऱ्या कोणाबद्दलची हकीकत ऐकावी तशा त्या ऐकत होत्या. मधे एकदा म्हणाल्या, "हुशार होती बाई." मला हसावं की रडावं कळेना.

मग त्या बोलल्या ते स्वतःबद्दल नव्हतंच. म्हणाल्या, हे यंत्र मला हिरवी पट्टी देतं. मग जी जी माणसं बोलून पोट भरतात, मास्तर, वकील, पुढारी, कीर्तन करणारे, त्या सगळ्यांना देईल. ती मुद्दाम फसवणार नाहीत. जन्मभर सांभाळून बोलायची सवयच त्यांच्यासाठी ते करेल. डॉक्टर त्यांना सांगतील, तुम्हाला काही नाही, घरी जा. आणि ती घरी जातील. गाडी चालवत जातील.

मी म्हटलं, समिती आल्यावर आपण नीट मांडू. दोन दिवस विचार करा. तुमचं संचालकपद आहे, विभाग आहे, इतक्या वर्षांचं काम आहे. आपण हळूहळू दुरुस्ती करू, बाहेर बोभाटा न करता.

"दोन दिवसांनी मी हे विसरले तर?"

मी आहे ना आठवण करून द्यायला, मी म्हटलं.

"तू मला पुन्हा सांगशील. मी पुन्हा तुझ्यावर चिडेन. दर वेळी तू जिंकशीलच असं नाही. आणि एखाद्या दिवशी तुलाच वाटेल, जाऊ दे, कशाला सांगायचं." त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. "खानोलकरांना लाव. आत्ता. मला माहीत आहे तोवर."

डॉ. खानोलकर म्हणजे समितीचे अध्यक्ष, मुंबईचे मेंदूचे नावाजलेले डॉक्टर. मॅडमबद्दल त्यांना फार आदर होता. मी नंबर लावला. मॅडमनी फोन स्पीकरवर ठेवला. बोलायच्या आधी त्यांनी डोळे मिटून एक खोल श्वास घेतला, आणि मी पाहिलं की त्यांची हनुवटी थरथरत होती. आवाज मात्र थरथरला नाही.

ख्यालीखुशाली झाल्यावर त्या म्हणाल्या, "समिती येऊ द्या, पण मंजुरी देऊ नका."

खानोलकर हसले. म्हणाले, मॅडम, इतके चांगले निकाल मी कुठल्याच यंत्राचे पाहिले नाहीत, तुम्ही उगाच विनय करताय. मॅडमनी त्यांना दोष समजावून सांगितला, अगदी सुबोध, वर्गात सांगावा तसा. मग खानोलकर सावधपणे म्हणाले की, हा तर्क झाला. तर्कावर एवढं मोठं काम थांबवायचं तर खात्याला काय सांगू? एखादा तरी पुरावा लागेल. असा कोणी पेशंट तुमच्या पाहण्यात आहे का, ज्याला आजार आहे आणि कानोसानं त्याला निरोगी म्हटलं?

"पुरावाच तुमच्याशी बोलतोय, डॉक्टर."

फोनमधून मुंबईच्या कुठल्यातरी रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत राहिले. खानोलकर बोलले तेव्हा त्यांचा आवाज समितीच्या अध्यक्षाचा राहिला नव्हता.

"कौसल्याताई, तुमच्याजवळ आत्ता कोणी आहे का?"

मॅडमनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"आहे," त्या म्हणाल्या.

पुढचं सगळं भराभर झालं. खानोलकरांनी त्याच आठवड्यात त्यांना मुंबईला बोलावून तपासलं. शंका खरी ठरली. मंजुरी थांबली. वर्तमानपत्रांनी छापलं की नागपूरचं यंत्र नापास झालं. का, ते कोणी छापलं नाही, कारण आम्ही सांगितलं नाही. संचालकपद दुसऱ्या कोणाला गेलं. विभागातली काही हुशार पोरं निघून गेली, त्यांना मी दोष देत नाही. मॅडमनी राजीनामा दिला आणि मला वाटलं संपलं. पण पुढच्या शुक्रवारी त्या रिक्षानं आल्या आणि माझ्यासमोर बसून म्हणाल्या, लाव तुझं रेकॉर्डर. माझ्यासारखी बाई पुन्हा कुठून आणशील? जोवर शब्द आहेत तोवर घे.

तेव्हापासून दर शुक्रवारी त्या बोलत राहिल्या. त्यांना यायला जमेना झालं तेव्हा मी इंदोऱ्याला त्यांच्या भाच्याच्या घरी जाऊ लागले. सुरुवातीला प्रत्येक वेळी निघताना त्या माझा हात धरून विचारायच्या, किती राहिलं असेल गं? मला खोटं बोलता यायचं नाही. मला माहीत नाही, एवढंच म्हणायचे, आणि ते खरं होतं. त्यांच्या हाताची पकड रिक्षात बसल्यावरही मनगटाला जाणवायची. रात्री मला झोप लागायची नाही. मी नवऱ्याला उगाच कुठल्यातरी वस्तूचं नाव विचारायचे आणि ते आपल्याला आधीच आठवत होतं ना, हे तपासत पडून राहायचे. पुढे पुढे त्यांनी ते विचारायचं सोडलं. भ्यायलाही आठवण लागते. त्यांची भीती गेली. माझी राहिली.

शेवटच्या शेवटच्या शुक्रवारांपैकी एक मला आठवतो. भाचेसुनेनं जयभीम करून मला आत घेतलं. मॅडम खिडकीपाशी बसल्या होत्या, केस नीट विंचरलेले, अंगावर धुतलेलं सुती पातळ. मी टेबलावर रेकॉर्डर ठेवलं. त्यांनी ते उचलून पाहिलं आणि हे कशाचं आहे, असं मला अहोजाहो करत विचारलं. मी सांगितलं की हे एका यंत्राला जोडलेलं आहे. ते माणसाचं बोलणं ऐकतं आणि त्याला विसर पडायला लागलाय का, ते ओळखतं.

त्यांनी मान जराशी तिरकी केली.

"आणि माणूस लपवायला लागला तर?"

मी म्हटलं, तेच तर अडलंय. परीक्षा घेतोय म्हटलं की माणूस सावध होतो.

त्या विचार करू लागल्या. खिडकीतून गल्लीतला आवाज येत होता. भाचेसून दारात थांबली होती. मला वाटलं, प्रश्नच निसटला असेल.

"मग परीक्षा काहून घेता?" त्या म्हणाल्या. "जवळ बसा. गोष्टी करा."

आणि त्यांनी माझ्यासाठी बाजूची खुर्ची ओढली. मी रेकॉर्डर बंद केलं आणि बसले.